महाराष्ट्राला आणखी ९५ हजार प्राध्यापक लागतील

२८.४ आणि ५०. देशाच्या उच्च शिक्षण धोरणाची गेल्या पाच-सहा वर्षांतली धावपळ या दोन आकड्यांमधले अंतर कापण्यासाठी चालली आहे. २८.४ हे २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण. त्यालाच सगळे जीईआर म्हणतात. उच्च शिक्षणातल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिली की हा आकडा मिळतो. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे.

आधी वेग पाहू. २०१४-१५ मध्ये हे प्रमाण २३.७ होते. सात वर्षांत ते ४.७ अंशांनी वाढले, म्हणजे वर्षाला पाऊण अंशापेक्षाही कमी. २०२१-२२ पासून २०३५-३६ पर्यंतची चौदा वर्षे धरली, तर उरलेले २१.६ अंश गाठायला वर्षाला दीड अंशाची वाढ लागते. वेग सव्वादोन पटीहून जास्त वाढवावा लागेल. जुन्याच गतीने चालत राहिलो, तर २०३५ साली आपण ३८ टक्क्यांच्या आसपास असू.

महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी आहे. राज्याचे प्रमाण ३५.३ आणि विद्यार्थी ४५ लाख ७८ हजार. विद्यार्थीसंख्येत उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक लागतो. पण तमिळनाडू ४७ वर पोहोचला आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय सरासरीच्या आत दडलेली दरी मोठी आहे. देशात अनुसूचित जातींचे प्रमाण २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२ आहे. एक गोष्ट मात्र खऱ्या समाधानाची आहे. मुलींचे प्रमाण २८.५ असून ते मुलांच्या २८.३ पेक्षा किंचित पुढे गेले आहे. सावित्रीबाईंच्या राज्यात हा आकडा वाचताना बरे वाटते.

आता खरा हिशेब. ४५.७८ लाख विद्यार्थी म्हणजे ३५.३ टक्के, तर राज्यात १८ ते २३ वयाची लोकसंख्या साधारण एक कोटी तीस लाख होते. तिचे निम्मे पासष्ट लाख. म्हणजे राज्यात आणखी एकोणीस लाख विद्यार्थ्यांसाठी जागा कराव्या लागतील. जन्मदर घटतो आहे, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत हा वयोगट थोडा आकसेल आणि एकोणीसचे सतरा किंवा सोळा होतील. तरी चित्र बदलत नाही. अभियांत्रिकीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण मानले जाते. तेच सगळीकडे लावले, तर एकोणीस लाख विद्यार्थ्यांसाठी ९५ हजार नवे प्राध्यापक लागतात. देशपातळीवर हीच आकडेमोड केली की साडेसोळा लाख नवे अध्यापक लागतात. आज देशभरात सगळे मिळून अध्यापक आहेत १५ लाख ९८ हजार.

पन्नास टक्क्यांचे उद्दिष्ट गाठायचे, तर आजच्या सगळ्या प्राध्यापकांएवढेच आणखी प्राध्यापक तयार करावे लागतील, नेमावे लागतील आणि टिकवावे लागतील. धोरणावरच्या चर्चेत श्रेयांक, नियामक, ऑनलाइन पदवी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर तासन्तास बोलले जाते. हा आकडा मात्र क्वचितच कोणी उच्चारते. माझ्या मते बाकीचे सगळे आकडे याच एका आकड्यावर उभे आहेत.

रिकामी पदे

आज आहेत तेवढ्या जागा तरी भरलेल्या आहेत का? नीती आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातले ८१ टक्के विद्यार्थी याच विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि तिथे अध्यापकांची चाळीस टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत, असे तो अहवाल सांगतो. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ३० ला १ झाले आहे, शिफारस आहे १५ ला १ अशी. त्याच अहवालात उच्च शिक्षणावर सर्वाधिक रक्कम खर्च करणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचा पहिला क्रमांक आहे, ११ हजार ४२१ कोटी रुपये. म्हणजे राज्य उच्च शिक्षणावर काहीच खर्च करत नाही, असे कुणी म्हणू शकत नाही. अडचण पदे भरण्यात आहे.

अनुदानित महाविद्यालयांतली मंजूर प्राध्यापकपदे एकतीस हजारांच्या घरात आहेत. त्यातली साधारण एक तृतीयांश वर्षानुवर्षे रिकामी राहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३ हजार ५८० पदे भरायला मान्यता मिळाली, २०२१ मध्ये २ हजार ८८ पदांना. २०२५ मध्ये सुमारे साडेपाच हजार पदांच्या भरतीची घोषणा झाली. हे तिन्ही आकडे एकत्र केले तरी अकरा हजारांच्या आसपास थांबतात. दरम्यान दरवर्षी निवृत्त होणारे प्राध्यापक वेगळे. भरतीची घोषणा होते, त्या वर्षीच आणखी शेकडो खुर्च्या रिकाम्या होतात.

एखादे पद रिकामे कसे राहते, हे एका महाविद्यालयाच्या पातळीवर पाहू. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात इतिहासाचे प्राध्यापक निवृत्त झाले, असे समजा. महाविद्यालय आधी पटसंख्येवरून त्या विषयाचा कार्यभार काढते. मग बिंदुनामावली तपासून घ्यायला फाइल मागासवर्ग कक्षाकडे जाते. तिथून विभागीय सहसंचालकांकडे, तिथून ना हरकत मिळवण्यासाठी वर. शासनाने त्या वर्षी भरतीला परवानगीच दिलेली नसेल, तर फाइल तिथेच थांबते. ना हरकत मिळाली की जाहिरात, अर्जांची छाननी, विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांची निवड समिती, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी वेतनासाठी पुन्हा सहसंचालक कार्यालय. मधल्या काळात आरक्षणाचा एखादा निकाल आला किंवा आचारसंहिता लागली, की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक टप्प्यामागे काही ना काही वाजवी कारण आहे. आरक्षण नीट पाळले जावे, संस्थाचालकांनी मनमानी करू नये, यासाठीच हे टप्पे आले. पण सगळे टप्पे मिळून जे होते, त्यात इतिहास शिकायला आलेल्या मुलांच्या दोन-तीन तुकड्या कायम प्राध्यापकाचे तोंड न पाहताच पदवी घेऊन बाहेर पडतात.

त्या मुलांना शिकवणारे असते कोण? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक. हेही नेट किंवा सेट उत्तीर्ण असतात, अनेकांकडे पीएचडी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. सीएचबीच्या प्राध्यापकाला जास्तीत जास्त ९ तासिका मिळतात. म्हणून एका रिकाम्या पदाचा कार्यभार दोघांत वाटला जातो, एकाला नऊ आणि दुसऱ्याला सात. पदवी वर्गासाठी राज्याने २०२२ मध्ये वाढवलेला दर तासाला ९०० रुपये. आठवड्याला नऊ तास, महिन्याला छत्तीस. पूर्ण महिना भरला, तर ३२ हजार ४०० रुपये. सात तासिकावाल्याला २५ हजार २००. सुट्ट्या, परीक्षांचे दिवस आणि उन्हाळा बिनपगारी. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल याची खात्री नाही, अनेकदा ते सत्राच्या शेवटी एकदम येते.

यातली एक बेरीज सगळ्यांनी करून पाहावी. दोघांचे मिळून महिन्याचे मानधन होते ५७ हजार ६०० रुपये. कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन आहे ५७ हजार ७००. म्हणजे शिकवण्याच्या महिन्यांत सरकार जवळपास मूळ वेतनाएवढी रक्कम खर्च करतच असते. वाचतो तो महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, सुट्टीतले वेतन आणि निवृत्तिवेतनाचा वाटा. त्या बचतीसाठी आपण दोन उच्चशिक्षित माणसांना चाळिशीपर्यंत ताटकळत ठेवतो. त्यांची लग्ने लांबतात, घरासाठी कर्ज मिळत नाही. कित्येक जण सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका घेतात आणि मधला वेळ एसटीत काढतात. अशा माणसाकडून संशोधनाची, विद्यार्थ्यांना मार्गदर्शनाची, नव्या अभ्यासक्रमाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

त्याचा परिणाम क्रमवारीतही दिसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ च्या राष्ट्रीय क्रमवारीत सर्वसाधारण गटात ३७ वे होते, २०२५ मध्ये ते ९१ वर घसरले. विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर. या क्रमवारीत अध्यापन आणि साधनांना ३० टक्के भार असतो आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण त्याचा महत्त्वाचा भाग आहे. घसरणीच्या कारणांत रिक्त पदांचे नाव ठळकपणे आले. एकेकाळी ज्या विद्यापीठाचा पत्ता सांगताना पुणेकरांचा आवाज चढत असे, त्या विद्यापीठाच्या बाबतीत हे घडते आहे.

श्रेयांकांचा हिशेब

चार वर्षांची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. एक वर्ष पूर्ण केले तर ४० ते ४४ श्रेयांक आणि प्रमाणपत्र, दोन वर्षांनी ८० ते ८८ आणि पदविका, तीन वर्षांनी १२० ते १३२ आणि पदवी, चार वर्षांनी १६० ते १७६ आणि ऑनर्स. मधेच शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाची किंवा मुलीची दोन वर्षे वाया जाऊ नयेत, ही कल्पना मला मनापासून पटते. लग्न, बाळंतपण किंवा वडिलांचे आजारपण यामुळे दुसऱ्या वर्षी घरी बसलेल्या मुली गावोगाव आहेत. परत येण्याचे दार उघडे ठेवणे हे मोठे काम आहे.

पण एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास प्रत्यक्ष शिकवणे, प्रात्यक्षिकाचे ३० तास. एका सत्राचे बावीस श्रेयांक म्हणजे एका तुकडीसाठी किमान ३३० तास कोणीतरी वर्गात उभे राहिले पाहिजे. पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आता मुख्य विषय, गौण विषय, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी आठ-दहा नावे असतात. ओई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेचा खुला विषय. कला शाखेच्या मुलीने तिथे संगणक किंवा वाणिज्याचा विषय घ्यावा, ही अपेक्षा. ज्या महाविद्यालयात तीन विषयांचे मिळून चार कायम प्राध्यापक आहेत, तिथे ती काय निवडणार? जो शिकवायला कोणी उपलब्ध आहे, तोच विषय निवडते. वेळापत्रकात पर्यायांची यादी छापलेली असते आणि प्रवेशाच्या खिडकीवर एकच पर्याय हातात पडतो. भारतीय ज्ञानपरंपरेचा पेपर भूगोलाचे शिक्षक घेतात, पर्यावरणाचा मराठीचे.

धोरण म्हणते की २०४० पर्यंत उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि त्यांत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत. राज्यात महाविद्यालये आहेत ४ हजार ६९२. राज्यातला एकूण एक विद्यार्थी, विद्यापीठांतला आणि दूरशिक्षणातलाही, या महाविद्यालयांतच बसतो असे धरले, तरी सरासरी एका महाविद्यालयात हजाराच्या आत येते. तीन हजारांच्या संस्था हव्या असतील, तर छोटी महाविद्यालये एकमेकांना जोडावी लागतील. त्यातून दुर्गम भागातली मुलगी महाविद्यालयापासून आणखी वीस किलोमीटर दूर जाणार असेल, तर आधी तिच्या बसचा विचार करावा लागेल.

तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेईल, असा दिलासा आता वारंवार दिला जातो. स्वयम् या सरकारी मंचावरून २०१७ पासून अभ्यासक्रम मिळतात आणि २०२१ मध्ये त्यावरून घेता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. हे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रासाठी ५०० कोटींची तरतूद झाली. चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान गडचिरोलीतल्या मोबाइलवर ऐकता यावे, याला कोण विरोध करेल? पण ते ऐकल्यावर पडलेला प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो. स्वयमच्या अभ्यासक्रमालाही महाविद्यालयात एक मार्गदर्शक नेमावा लागतो आणि तो आजच्या सोळा तासांच्या वरचा भार असतो.

यंत्रणा आणि माणसे यांचा मेळ चुकला की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका एकाच सत्रात संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. उत्तरपत्रिका स्कॅन करायला वेळ गेला, परीक्षकांना पुरेसा सराव नव्हता, काहींच्या लॉगिनवर भलत्याच विषयाच्या उत्तरपत्रिका आल्या. ४७७ परीक्षांचे निकाल लावायचे होते. कायद्याप्रमाणे ते जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश आणि नोकरीची नियुक्तिपत्रे हातची गेलेली मुले कलिना संकुलात रांगा लावून उभी होती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर तपासणी करण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती, आज ती सर्रास चालते. पण तपासणारे प्राध्यापक पुरेसे आहेत का, तयार आहेत का, हे कोणी आधी मोजले नाही.

सात वर्षांनी परीक्षायंत्रणेचा गोंधळ देशपातळीवरही दिसला. १८ जून २०२४ रोजी झालेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. ती दिलेल्या उमेदवारांची संख्या होती ९ लाख ८ हजार ५८०. उद्याचे प्राध्यापक ज्या दारातून येतात, ते हे दार. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये परीक्षा संगणकावर पुन्हा घेतली गेली, पण ज्यांनी गावाहून शहरात येऊन, खोली भाड्याने घेऊन तयारी केली होती, त्यांचे ते महिने कोणी भरून दिले नाहीत.

राहिला नियमनाचा प्रश्न. २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच नेमता येतात. ६ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात ही मर्यादाच उरलेली नाही. त्या मसुद्यावर देशभर वाद झाला तो कुलगुरूंच्या निवडीत राज्यांचा अधिकार कमी होण्यावरून. तो वाद रास्त होता. पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दहा टक्क्यांची ओळ पुसली जाणे मला जास्त गंभीर वाटते. ती गेली, तर आज तडजोड म्हणून चालणारी तासिका पद्धत उद्या नियम म्हणून चालेल. डिसेंबर २०२५ मध्ये विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेले. अनुदान आयोग, एआयसीटीई आणि एनसीटीई यांच्या जागी एकच छत्र आणण्याचा हा प्रस्ताव. तीन दारांऐवजी एका दारात फाइल न्यावी लागली, तर प्राचार्यांचा वेळ नक्की वाचेल. पण नियामक एक असो की तीन, पद मंजूर करायचे आणि त्याचे वेतन द्यायचे काम राज्याच्या वित्त विभागातच होते. राज्यातल्या भरतीची किल्ली दिल्लीत नाही, मंत्रालयात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याने दरवर्षी १ जूनला प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची विषयवार मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची संख्या जाहीर करावी. निवृत्ती वर्षभर आधी ठाऊक असते, तेव्हा ते पद भरण्याची प्रक्रिया निवृत्तीच्या आधीच सुरू व्हावी. सीएचबीचे मानधन दर महिन्याला बँकेत जमा व्हावे. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

आणि पालकांना एक विनंती. जूनमध्ये मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश घ्यायला जाल, तेव्हा इमारत, वाय-फाय आणि नॅकची श्रेणी पाहालच. सोबत प्राचार्यांना हेही विचारा: या विषयाला कायम प्राध्यापक किती आहेत आणि शेवटची भरती कोणत्या वर्षी झाली? उत्तर लेखी मागा. शंभर पालकांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला, तर तो महाविद्यालयातून सहसंचालकांकडे आणि तिथून मंत्रालयात जाईल.